ऐंशी, एक्याऐंशी

कुताइसीच्या प्रसूतिगृहाच्या तळघरात
बॉयलरच्या उबेला एक सर्व्हर राहतो. पोटात दोन डिस्क,
एकाच कारखान्याच्या, एकाच दिवसाच्या.
रविवारी ओतारीने एक दुसरीवर उतरवून घेतली, अक्षर न् अक्षर,
आणि सुट्टीवर बातुमीला गेला.
मंगळवारी पहाटे वीज गेली. आली.
नोंदवही उघडली तर नऊ बाळं जन्मलेलीच नव्हती.

वरच्या मजल्यावर नऊच्या नऊ रडत होती.

नातेला जिना उतरते, कोटाच्या खिशात अक्रोड खुळखुळतात.
दोन्ही डिस्क उघडून पाहते: बाळं वरच्या खणात आहेत.
खालचीत रविवारनंतर काही घडलेलंच नाही.
मग मशीन उठतं ते कुणाचा हात धरून?

कर्नलला विचारलं. तो म्हणतो, वरची पहिली.
पण त्याचं काय घेऊन बसायचं,
तो जागा झाला तेव्हा हाका मारून झाल्या होत्या.
अंधारात आधी कुणाला उठवलं हे बायोसला ठाऊक,
आणि ती काम उरकून, एक चिठ्ठी मागे ठेवून
केव्हाच गेली.
चिठ्ठी मेमरीच्या कोपऱ्यात आहे. वाचून दाखवणारं कुणी नाही.

ते कुणीतरी आता घडवायचं.
जेमतेम आठशे ओळींचा मॉड्यूल.
पहिल्यांदा कर्नलने त्याला उंबऱ्यावरच अडवलं:
आवृत्तीचा शेवटचा आकडा जुळत नाही,
गोत्र विचारल्याशिवाय तो कुणाला घरात घेत नाही.
नातेला शिवी देते, रिओनीकाठच्या बायका देतात तशी,
लांबलचक, पलीकडच्या तीरावर पोचणारी.
बरोबर हेडर शोधते. पुन्हा मेक.
ओळी वर सरकत राहतात,
ती दाराच्या फटीत अक्रोड फोडत राहते.

मॉड्यूल चढवला.
काहीच झालं नाही.
प्रॉम्प्ट एक ओळ खाली आला, बस.
"अडलं का?" चहा घेऊन आलेली सुईण त्सिउरी विचारते.
"नाही. गप्प आहे म्हणजे सुखरूप."
"आमच्याकडे गप्प असलं
तर पाय धरून उलटं करायचं न् पाठीत थाप."

फोल्डरमध्ये दोन दारं: ऐंशी, एक्याऐंशी.
बायोस डिस्कना याच आकड्यांनी हाक मारते.
प्रत्येकीच्या कपाळावर चार बाइटची सही, तीवरून ओळख पटवायची.
ऐंशीची वाचली.
एक्याऐंशीची वाचली.
तीच.
अक्षर न् अक्षर उतरवलं होतं ना ओतारीने, सहीसुद्धा.

तिला हसू येतं, रडण्याच्या जरा अलीकडचं.
"जुळी होय?" त्सिउरी पडद्यात डोकावते. "मग दोरा बांध की.
पहिलं बाहेर आलं की मी मनगटाला लाल दोरा बांधते,
नंतर आईसुद्धा चुकते."

खालच्या खणातलीची सही बदलली. एकच बाइट.
मशीन झोपवलं, उठवलं. मॉड्यूल पुन्हा.
ऐंशीच्या दारावर दोरा होता.

म्हणजे कालपासून रविवारच पुढे होऊन दार उघडत होता
आणि मंगळवार मागे उभा होता, हातात नऊ बाळं घेऊन.

बायोसची नाण्याएवढी बॅटरी मेली होती,
वीज गेली तसा कोण थोरली कोण धाकटी याचा विसर पडला.
नवी दुकानात सोमवारी येणार म्हणे.
त्सिउरीने भंगारातला बाळांचा वजनकाटा उलटा केला,
नखाने झाकण उचकटलं. बसली चपखल.

नोंदवही उघडते. नऊ ओळी.
शेवटची: मुलगी, तीन किलो शंभर, पहाटे चार दहा.
वीज गेली ती चार बाराला.
नावाचा रकाना रिकामा.
नातेला घाबरते, इतकं करूनही काही हरवलं की काय.
"छे, आई अजून ठरवतेय," त्सिउरी म्हणते
आणि टेबलावरची टरफलं
रिकाम्या कपात गोळा करू लागते.